भिडेखातर दिलेला होकार

प्लेनो, टेक्सस
६ ऑक्टोबर २०२५

ती. मनोहरमामांना आणि मालिनीमामीला सुवर्णाचा नमस्कार.

तुमची अट मान्य करून पत्रच लिहिते आहे. फोनवर तुम्हाला धड ऐकू येत नाही आणि मी पलीकडून नुसतं "हो मामा, हो मामा" करते, हा तुमचा आरोपही मान्य. यतीन म्हणतो, अख्ख्या टेक्ससमध्ये हाताने पत्र लिहिणारी तू एकटीच. मी त्याला सांगितलं, माहेर म्हणून एकच घर उरलंय आणि ते ओहायोत आहे, तेव्हा ते म्हणतील तसं.

तुमच्या सहस्रचंद्रदर्शनाची तिकिटं काढली आहेत. कार्यक्रम शनिवारी आठ नोव्हेंबरला, म्हणून आम्ही शुक्रवारी संध्याकाळी इथून निघतो. आईच्या जागी तुम्हाला ओवाळायला मी असेन. आमच्या अनयाची कॉलेजात परीक्षा आहे, ती येणार नाही.

मध्येच एक घोळ झाला आहे. मला ज्यूरी ड्यूटीचं बोलावणं आलंय, त्याच आठवड्यातल्या सोमवारी, तीन तारखेला. कोर्टात आरोपी दोषी आहे की नाही हे ठरवायला जे बारा सामान्य नागरिक बसवतात, त्यांत माझा नंबर लागू शकतो. सिटिझन होऊन दोन वर्षं झाली, तेव्हा हे कधीतरी येणारच होतं. इथल्या महाराष्ट्र मंडळात नुसता विषय निघाला तर जो तो सुटका कशी करून घ्यायची हेच शिकवायला लागला. एकीने तर कुठल्या दुखण्याचं सर्टिफिकेट चालतं तेही सांगितलं.

खरं सांगू का मामा, मला जायचं आहे. शपथ घेताना हात वर केला होता तो काही फोटोपुरता नव्हता. पण तुमचा कार्यक्रम आहे आणि तुम्ही या देशात पन्नास वर्षं काढली आहेत, म्हणून विचारते. काय करू?

तुमची,
सुवर्णा

डब्लिन, ओहायो
१३ ऑक्टोबर २०२५

चि. सुवर्णाला मामाचे आणि मामीचे भरपूर आशीर्वाद.

विचारलंस ते बरं केलंस, कारण या विषयात माझा हात कोणी धरणार नाही. मला आजवर जितक्यांदा बोलावणं आलं तितक्यांदा मी दुपारच्या जेवणाला घरी परत आलो आहे. सर्टिफिकेट वगैरे कच्चे लोक देतात. सांगतो ते नीट ऐक. निवड करताना वकील सगळ्यांना प्रश्न विचारतात. तुझी पाळी आली की बेधडक सांगायचं, "पोलिसांनी ज्याला पकडलं त्याने गुन्हा केलाच असणार, असं माझं मत आहे." बस. आरोपीचा वकील तुला हात जोडून घरी पाठवतो. डब्लिनमधल्या निम्म्या मराठी माणसांना हा मंत्र मीच दिला आहे.

आपण इथे नोकऱ्या करायला आलो, लोकांचे निवाडे करायला नाही. त्यांचे गुन्हे त्यांनी करावेत आणि त्यांनीच निस्तरावेत.

शिवाय तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. आम्ही सुट्टीला नागपूरच्या घरी यायचो आणि तूही यायचीस, तेव्हा पानात कारलं वाढलं तर "नको" म्हणायची तुझी हिंमत व्हायची नाही. डोळ्यांतून पाणी काढत खायचीस. बारा अनोळखी गोऱ्या लोकांत तू काय तोंड उघडणार? उगाच मनाला लावून घेशील आणि माझ्या कार्यक्रमात सुतकी चेहऱ्याने बसशील.

मालिनी म्हणते आहे, सुवर्णाला जे करायचं ते करू दे. तू तिकडे लक्ष देऊ नकोस. भटजी ठरले, हॉल ठरला, दोनशे पानं होणार. ओवाळायला तू नसलीस तर माझं काही खरं नाही.

तुझा,
मनोहरमामा

प्लेनो
२३ ऑक्टोबर २०२५

ती. मामा, आज भाऊबीज. आई असती तर आज तुमच्याकडे तिचा फोन आला असता, म्हणून मुद्दाम आजच लिहिते आहे.

कारल्याचं खरं आहे. अजूनही कोणी आग्रह केला की मला नाही म्हणता येत नाही. ऑफिसात दुसऱ्यांची कामं माझ्याकडे येतात ती काही मी हुशार आहे म्हणून नाही. तुमचं पत्र वाचून राग आला आणि मग लक्षात आलं की राग आला तो तुम्ही खरं लिहिलं म्हणून.

पण मंत्र म्हणणार नाही. जे माझं मत नाही ते कोर्टात उभं राहून सांगायचं, आणि तेही घरी जेवायला मिळावं म्हणून, हे माझ्याने होणार नाही. निवड झाली नाही तर प्रश्नच मिटला. झाली तर बसेन. बहुतेक केसेस तीन-चार दिवसांत संपतात असं सगळे म्हणतात, तेव्हा शुक्रवारी विमान गाठता येईल. दोन्ही करीन. रागावू नका, आणि रागावलात तरी आता ठरलंय.

मामीला सांगा, चकल्या पोचल्या. निम्म्या वाटेत मोडल्या, पण चवीला उत्तम.

सुवर्णा

प्लेनो
४ नोव्हेंबर २०२५

ती. मामा, घाईत लिहिते. काल माझी निवड झाली. आज सकाळपासून काम सुरू आहे.

केस कसली, आरोपी कोण, यातलं एक अक्षरही सांगता येणार नाही. जजनी बजावलं आहे की निकाल लागेपर्यंत कोणाशीही बोलायचं नाही, नवऱ्याशीसुद्धा नाही. यतीन बिचारा जेवताना हवापाण्याच्या गप्पा मारतो.

काल मात्र तुमची फार आठवण झाली. माझ्या पुढच्या रांगेत आपल्यासारखाच एक जण होता. त्याची पाळी आली तेव्हा तुमचा मंत्र त्याने शब्दन् शब्द म्हटला आणि पाच मिनिटांत बॅग उचलून गेला. सगळे त्याच्या पाठीकडे बघत होते आणि मग माझ्याकडे बघायला लागले. मला लाज वाटली, मामा. मला विचारलं, "तुम्ही निष्पक्षपणे ऐकाल का?" मी हो म्हटलं.

शेजारच्या खुर्चीत वॉल्टर नावाचे आजोबा आहेत, वय अठ्ठ्याहत्तर. वयामुळे त्यांना सुटका मागता आली असती, पण हौसेने आले आहेत. पूर्वी शाळेत फुटबॉलचे कोच होते. खिशातून पेपरमिंटच्या गोळ्या काढून सगळ्यांना वाटतात आणि मला "यंग लेडी" म्हणतात. बसण्याची पद्धत, मान, सगळं थेट तुमच्यासारखं.

शनिवारी भेटूच.

सुवर्णा

डब्लिन
९ नोव्हेंबर २०२५

चि. सुवर्णा,

माझं न ऐकता कोर्टात बसलीस म्हणून तुझ्यावर रागवायची मी शुक्रवारी संध्याकाळपासून तयारी करून बसलो होतो. रात्री उशिरा यतीन एकटाच दारात उभा. "ती येत नाही, कोर्टाने सोमवारपर्यंत अडकवलंय." माझं डोकंच फिरलं. मग त्याने चहा घेता घेता सगळं सांगितलं. तो सामान गाडीत टाकून तुला न्यायला कोर्टात आला होता, मागच्या बाकावर बसला होता. निकाल वाचला गेला, दोषी. आणि मग जजनी एकेकाला विचारलं तेव्हा आमची सुवर्णा भर कोर्टात "नो" म्हणाली. दोनदा म्हणाली.

मुली, मी चुकलो. कारल्याचा विषय यापुढे बंद.

काल ओवाळायला मालिनीच्या भाचीला उभं केलं. पण भाषणाची वेळ आली तेव्हा मी माझ्याबद्दल बोललोच नाही, तुझ्याबद्दल बोललो. दोनशे माणसांना सांगितलं की अकरा जण एका निरपराध पोराला तुरुंगात घालायला निघाले होते आणि माझ्या बहिणीच्या मुलीने एकटीने त्याला वाचवलं. टाळ्या पडल्या. आमच्या मंडळातल्या जगन्नाथ कुळकर्णीने कुणाचं कौतुक ऐकलं की त्याला खोकला येतो, तोसुद्धा उठून उभा राहिला. मंडळाचा दिवाळी अंक यंदा उशिरा निघतोय, त्यात छापायचं म्हणतात. आता निकाल लागला की सगळं सविस्तर लिही, मी वाचून दाखवणार आहे.

तुझा अभिमानी,
मामा

प्लेनो
१५ नोव्हेंबर २०२५

ती. मामा,

तुमचं पत्र परवा मिळालं. केस संपली आहे, आता बोलायची मुभा आहे. सगळं सांगते. दिवाळी अंकाचं मात्र आधी थांबवा.

आरोपीचं नाव कोडी, वय चोवीस. गेल्या हिवाळ्यात पहाटे धुक्यात त्याच्या पिकअप ट्रकने एका सायकलवाल्याला मागून धडक दिली आणि तो थांबलाच नाही. सायकलवाले साठीचे, बेकरीत कामाला निघाले होते. वाचले, पण वॉकर कायमचा लागला. ट्रक कोडीचा होता याबद्दल वादच नव्हता. त्याचं म्हणणं, "धुक्यात मला वाटलं कचऱ्याचा डबा उडवला. माणूस होता हे माहीत नव्हतं." माहीत नसेल तर हा गुन्हा होत नाही. म्हणजे सगळं एका गोष्टीवर अडलं होतं, त्याला कळलं होतं की नव्हतं.

पुढच्या गॅस स्टेशनवर तो थांबला होता. तिथल्या काउंटरवरच्या बाईने साक्ष दिली की त्याने विचारलं, "मागच्या रस्त्यावर अॅम्ब्युलन्स आली का?" आता हे त्याने आपणहून विचारलं असेल तर त्याला माहीत होतं. पण आधी त्या बाईनेच अपघाताचं सांगितलं असेल आणि मग त्याने विचारलं असेल, तर त्या प्रश्नाला काही अर्थ उरत नाही. मला पक्कं आठवत होतं की बाई आधी बोलली होती.

शुक्रवारी दुपारी आम्हा बारा जणांना निकाल ठरवायला खोलीत बसवलं. निकाल बाराही जणांचा एकच असावा लागतो. लोक म्हणायला लागले, त्याचा चेहराच सांगतोय. एकदाही रडला नाही. आईकडेसुद्धा बघत नाही. मी हळूच म्हटलं, मला वाटतं गॅस स्टेशनवाली आधी बोलली होती. वॉल्टर म्हणाले, "नो, यंग लेडी. त्याने आधी विचारलं. मी नीट ऐकलंय. चाळीस वर्षं पोरांच्या थापा ऐकल्यात मी." तोंडात पेपरमिंट, आवाज अगदी तुमचा. सगळे माझ्याकडे बघत होते. एका बाईच्या मुलाची मॅच होती. खाली गाडीत आमचं सामान होतं, विमानाची वेळ होत आली होती, तुमचं ओवाळणं होतं. मी म्हटलं, "ओके."

म्हणजे कारलं वाढलं आणि मी खाल्लं, मामा. भिडेखातर एका मुलाला दोषी म्हटलं.

कोर्टात निकाल वाचला गेला. मागे त्याची आई बसली होती, ती हलली नाही की रडली नाही. मग त्याच्या वकिलाने मागणी केली की प्रत्येकाला वेगळं विचारा. जज एकेकाला विचारायला लागल्या, "हा तुमचा निर्णय आहे का?" एअरपोर्टवर विचारतात ना, ही बॅग तुम्ही स्वतः भरली का, तितक्या साध्या सुरात. माझा आठवा नंबर. आधीच्या सातांचं "यस" येत होतं आणि मला एवढंच समजत होतं की ही बॅग मी भरलेली नाही. माझ्या तोंडून "नो" निघालं. आवाज इतका बारीक की त्यांना पुन्हा विचारावं लागलं. दुसऱ्यांदा मोठ्याने म्हटलं.

आम्हाला परत खोलीत पाठवलं. कोणी माझ्याकडे बघेना. वॉल्टर म्हणाले, "हे दुपारी का नाही बोललीस?" मी खरं ते सांगितलं, "आमच्या घरी तुमच्या वयाच्या माणसाला कोणी उलट बोलत नाही." ते म्हणाले, "हे तुझं घर नाही. आणि मी तुझा कोणी लागत नाही." फार लागलं ते. पण बरोबर होतं. मग मी सांगितलं की तो निर्दोष आहे असं माझं म्हणणं नाही, मला फक्त त्या बाईची साक्ष पुन्हा ऐकायची आहे. त्याबद्दल आमच्यात वाद आहे असं जजना कळवलं. त्यांनी सोमवारी ती वाचून दाखवायचं ठरवलं. तोवर कोणी गावाबाहेर जायचं नाही असं बजावलं, म्हणून मी यतीनला एकट्याला पाठवलं. शनिवारी इथे घरात बसून तुमच्या औक्षणाची वेळ झाली तेव्हा रडले. यतीनकडून ऐकून अनयाने फोनवर विचारलं, "मॉम, डिड यू लाइक, सेव्ह हिम?" तिलाही काही सांगता येत नव्हतं.

सोमवारी साक्ष वाचली. बाई म्हणाली होती, तो आत आला, मी तोंड उघडायच्या आधीच त्याने अॅम्ब्युलन्सचं विचारलं. मी विचारलं, 'का, काय झालं?', तर काही बोलला नाही, असं तिचं म्हणणं.

वॉल्टरचं बरोबर होतं. मी चुकीचं ऐकलं होतं.

ते "बघ, मी सांगत होतो" असं म्हणाले नाहीत. पेपरमिंटची गोळी माझ्याकडे सरकवली. त्यानंतर तासभर आम्ही बोललो, आणि या वेळी त्याच्या चेहऱ्याबद्दल कोणी बोललं नाही. जे सिद्ध झालं तेवढ्यावर बोललो. एकमताने दोषी ठरवलं. जजनी पुन्हा एकेकाला विचारलं. माझी पाळी आली तेव्हा मी कोडीकडे बघितलं. तोही बघत होता. शुक्रवारी मीच त्याला आशा लावली होती, त्याच्या आईलाही. मी म्हटलं, "यस." कोणाला पुन्हा विचारावं लागलं नाही.

शुक्रवारचा होकार देताना मला काहीच जड गेलं नव्हतं. हा गेला. पण मला त्याचा पश्चात्ताप नाही, आणि पुन्हा बोलावलं तर पुन्हा जाईन.

आता तुमच्याबद्दल. तुम्ही दोनशे माणसांना सांगितलंत की मी एका निरपराध पोराला वाचवलं. तो निरपराध नव्हता, आणि त्याला दोषी ठरवणाऱ्या बारा जणांत मी आहे. त्या सायकलवाल्यांचं नाव रेमंड. ते दररोज वॉकर ढकलत कोर्टात येत होते. तुमच्या गोष्टीत ते कुठेच नाहीत. ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांना तुम्ही खरं काय झालं ते सांगायला हवं. हे विनंती म्हणून लिहीत नाही, मामा. जितक्या मोठ्याने ते सांगितलंत तितक्याच मोठ्याने हे सांगा.

असं पत्र तुम्हाला मी आजवर लिहिलेलं नाही. पोस्टात टाकायला हात धजत नाहीये, तरी टाकते आहे.

सुवर्णा

डब्लिन
३० नोव्हेंबर २०२५

चि. सुवर्णाला आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला कारण मी रागावलो होतो. ऐंशी वर्षांच्या माणसाला भाचीने आज्ञा करावी, आणि तीही लेखी. मालिनीला म्हटलं, बघ काय लिहिलंय. तिने शांतपणे वाचलं, घडी केली आणि माझ्या चष्म्याच्या डबीखाली ठेवलं. मी ते उचलून टेबलाच्या खणात टाकलं की सकाळी पुन्हा डबीखाली.

गेल्या रविवारी मंडळाची सभा होती. हिशेब संपल्यावर मी उभा राहिलो आणि तुझी पत्रं पहिल्यापासून वाचून दाखवली. कारल्यासकट. "आवाज अगदी तुमचा" तेही वाचलं. मंत्राची गोष्ट आली तेव्हा चार-पाच जण बुटांकडे बघायला लागले. त्यांना मंत्र देणारा मीच, तेव्हा मीही माझ्या बुटांकडे बघितलं. रेमंडचं नाव मी दोनदा घेतलं.

टाळ्या अर्थातच नाहीत. जगन्नाथ म्हणाला, "म्हणजे शेवटी तो दोषीच निघाला ना? आणि ही चुकीचंच ऐकून बसली होती. मग तिने नाही म्हणून काय साधलं?" मी म्हटलं, "जगन्नाथ, तो मुलगा दोषी ठरला, पण कोणाच्या विमानाची वेळ झाली म्हणून नाही ठरला." त्यावर त्याला खोकला आला. इतरांना पटलं की नाही मला माहीत नाही. मला पटलं आहे. तुझ्यावर राग उरलेला नाही आणि दिवाळी अंकाचं रद्द केलं आहे.

घरी येताना गाडीत मालिनी गप्प होती. ती नेहमीच गप्प असते, म्हणून इतकी वर्षं मला त्यात काही विशेष वाटलं नाही. सिग्नलला थांबलो होतो. मी विचारलं, "मी रिटायर झालो तेव्हा तुला म्हटलं होतं, नागपूरला परत नको जायला, इथेच राहू. तू चालेल म्हणालीस. तो निर्णय तुझा होता का?"

ती म्हणाली, "हे आता विचारताय?"

मी म्हटलं, "हो. आता विचारतोय."

मागच्या गाडीने हॉर्न दिला तरी मी तसाच थांबलो. ती म्हणाली, "चला, हिरवा झाला. विचार करून सांगते."

अजून तिने सांगितलेलं नाही. रोज सकाळी चहाचा कप हातात देताना ती माझ्याकडे बघते, मला वाटतं आता सांगेल, आणि ती साखर पुरेशी आहे का विचारते. मी घाई करत नाही. जे सांगेल ते ऐकायचं, असं ठरवलं आहे.

तुझा,
मामा